दहा मीटरवर बरोबर, वीस मीटरवर चूक: एअर रायफलचा नेम अंतरानुसार का सरकतो आणि काय तपासायचं

गेली अठरा वर्षं मी क्लबच्या रायफली दुरुस्त करतो. शेतावर, फार्महाऊसवर नेमबाजी करणारे लोकही आपापल्या रायफली घेऊन येतात. त्यातल्या सर्वाधिक लोकांची तक्रार एकच असते. "दहा मीटरवर मधोमध लागते, पण टार्गेट जरा लांब ठेवलं की चुकते. नळी वाकलीय का?" नळी वाकलेली असणं फार क्वचित. निम्म्याहून अधिक वेळा मला पान्यालाही हात लावावा लागत नाही. मात्र तोवर त्या माणसाने साइटचे (नेम धरायच्या पट्टीचे किंवा दुर्बिणीचे) स्क्रू इतके फिरवलेले असतात की दहा मीटरचा नेमही गेलेला असतो. म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहितो.

इथे मी बोलतोय ती 4.5 मिलिमीटरची, स्प्रिंगवर चालणारी, नळी सांध्यावर मोडून पेलेट (छोटा छर्रा) भरायची रायफल. गावाकडे हिला छर्‍याची बंदूक म्हणतात. अंतर 5 ते 30 मीटर. स्पर्धेची दहा मीटरची मॅच रायफल वेगळी. ती एकाच अंतरासाठी बनवलेली असते, आणि त्या टार्गेटवरचा दहाचा ठिपका जेमतेम अर्धा मिलिमीटरचा असतो. पॅरिस ऑलिंपिकला 2024 मध्ये स्वप्नील कुसाळेने 50 मीटर रायफलमध्ये ब्राँझ जिंकल्यावर बरीच मुलं विचारू लागली, "आपली रायफल 50 मीटरवर का चालत नाही?" तो प्रकार .22 च्या काडतुसाच्या रायफलचा आहे, हवेच्या रायफलचा नाही. दोन्हींची तुलना करून आपल्या रायफलला दोष देऊ नका.

सुरुवातीलाच दोन गोष्टी. टार्गेटच्या मागे मातीचा बांध किंवा वाळूची पोती हवीत, आणि बांधाच्या पलीकडे काय आहे हे स्वतः चालत जाऊन बघितलेलं हवं. दगड, पत्रा, लोखंड मागे असेल तर पेलेट उलटून येतो, म्हणून चष्मा घातल्याशिवाय चाचणी करू नका. आणि नेम फक्त कागदावर किंवा डब्यावर. पाखरांवर, खारींवर नाही. कायदा तर आहेच, 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा, पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं.

लक्षण नीट ओळखा

तक्रार सगळ्यांची सारखी वाटली तरी कागदावरची भोकं पाच वेगवेगळ्या गोष्टी सांगतात.

पहिलं लक्षण: ग्रुप, म्हणजे एका अंतरावर मारलेल्या भोकांचा पुंजका, घट्ट आहे, पण अंतर बदललं की अख्खा ग्रुप वर किंवा खाली सरकतो. डावी-उजवी ओळ जागेवर. हा बिघाड नाही. पेलेट पडतो, त्याचा हा हिशेब आहे.

दुसरं: जवळच्या अंतरावर ग्रुप एका बाजूला, लांबच्या अंतरावर दुसर्‍या बाजूला. किंवा जसजसं लांब जावं तसतसा एकाच बाजूला जास्त जास्त. इथे स्कोप (रायफलवरची दुर्बीण) बसवण्यात किंवा रायफल धरण्यात कलणं आहे.

तिसरं: ग्रुपच फुटतो. दहा मीटरवर पाच भोकं रुपयाच्या नाण्याखाली झाकली जातात आणि वीसवर हाताचा पंजाही पुरत नाही. अंतर दुप्पट झालं की ग्रुप साधारण दुप्पट होणं हे नैसर्गिक आहे. चौपट झाला तर पेलेट, स्क्रू किंवा नळीचं तोंड बघायला हवं.

चौथं: एकाच कागदावर दोन वेगळे घट्ट ग्रुप, मधे काहीच नाही. यात काहीतरी ढिलं असतं आणि ते दोन जागांमध्ये उड्या मारतं. बर्‍याचदा माउंट (स्कोप रायफलला पकडणारा भाग), कधी दस्त्याचे स्क्रू, कधी डोळ्याची जागा.

पाचवं: काल बरोबर, आज चूक, अंतर तेच. मग अंतराचा प्रश्नच नाही. खाली पेलेट, तेल आणि स्क्रूबद्दल लिहिलंय तेवढंच वाचलं तरी चालेल.

पहिली तपासणी: अंतर खरंच तेवढं आहे का?

खर्च शून्य, वेळ पाच मिनिटं, आणि माझ्याकडे येणार्‍यांपैकी बहुतेकांनी हे केलेलं नसतं. पावलं टाकून अंतर मोजतात. शेतात ढेकळांवरून टाकलेलं पाऊल आणि अंगणातलं पाऊल सारखं नसतं. गवंड्याकडची किंवा मोजणीची 30 मीटरची टेप मागून आणा, नळीच्या तोंडापासून कागदापर्यंत मोजा आणि 5, 10, 15, 20, 25 वर खुंट्या ठोका.

हे का महत्त्वाचं, तर लांबच्या टोकाला पेलेट भराभर पडतो. उघड्या साइटच्या (स्कोप नसलेल्या) एका साध्या रायफलचा हिशेब मी पुढे दिलाय. त्यात 25 मीटर समजून 28 वर कागद लावला, तर आणखी तेरा मिलिमीटर खाली लागतं. चूक तीन पावलांची, आणि खापर फुटतं साइटवर.

दुसरी: एका गोळीवरून निकाल लावू नका

प्रत्येक अंतरावर किमान पाच पेलेट. त्याआधी रायफल बसायला पाच-सहा पेलेट मोकळ्या जागी मातीत. एक पेलेट वर गेला म्हणून दोन क्लिक (साइटच्या स्क्रूचे ठरावीक टप्पे) खाली, पुढचा खाली गेला म्हणून तीन क्लिक वर, असं करणारा माणूस संध्याकाळी रिकामा डबा आणि हरवलेला झिरो (ठरलेल्या अंतरावर ग्रुप ठिपक्यावर यावा अशी साइटची जुळवणी) घेऊन घरी जातो. आधी ग्रुप बघायचा, मग त्याचा मध्य, आणि स्क्रूला हात त्यानंतर.

तिसरी: पेलेट आणि तेल

डबा उघडून पेलेट पांढर्‍या कागदावर ओता. मागचा घेर चेपलेला असेल तो बाजूला काढा. स्वस्त डब्यात असे बरेच निघतात. दहा मीटरवर चेपलेला पेलेटही जवळपास जाऊन लागतो. वीसवर तो डगमगतो आणि ग्रुप उघडतो.

सपाट डोक्याचा पेलेट कागदात गोल, स्वच्छ भोक पाडतो, म्हणून दहा मीटरच्या नेमबाजीत तोच वापरतात. पण सपाट डोकं हवेला जास्त अडतं, पेलेट लवकर मंदावतो. पंधरा-वीस मीटरच्या पुढे जायचं असेल तर गोल डोक्याचा घ्या. डोक्याचा व्यासही डब्यावर लिहिलेला असतो, 4.50, 4.51, 4.52 असा. एका नळीला जो आवडतो तो दुसरीला आवडेलच असं नाही. दोन-तीन प्रकारचे डबे आणून 20 मीटरवर पाच-पाच मारून बघा, आणि ठरला की तोच ठेवा. पेलेट बदलला की झिरो बदलतो. वजनात थोडा फरक असला तरी जागा सरकते.

आता तेलाबद्दल कळकळीने सांगतो. कितीतरी घरांत नळीत किंवा सिलिंडरच्या तोंडात खोबरेल नाही तर शिलाई मशीनचं तेल सोडतात, "रायफल नरम चालावी" म्हणून. पिस्टन हवा दाबतो तेव्हा ती इतकी तापते की तेल पेट घेतं. मोठा कडाका, नळीतून धूर, जळका वास. त्या पेलेटचा वेग काहीच्या काही होतो आणि तो भलतीकडे लागतो. पुढचे दहा-वीस पेलेटही सरळ जात नाहीत. वॉशर आणि स्प्रिंगचं नुकसान वेगळंच. तुमच्या रायफलचा वेग कधी जास्त, कधी कमी, आणि धूर येत असेल तर साइटला हात लावू नका. कापसाने नळी कोरडी करा आणि धूर थांबेपर्यंत मारत राहा.

चौथी: रायफल कशावर ठेवलीय, कशी धरलीय

स्प्रिंगची रायफल विचित्र असते. पिस्टन पुढे धावतो तेव्हा रायफल मागे येते, पिस्टन आदळला की पुढे जाते, आणि हे सगळं पेलेट नळीत असतानाच घडतं. तुम्ही ती कशी धरलीय त्यावर पेलेट कुठे लागणार हे बरंचसं ठरतं. टेबलाच्या कडेवर किंवा विटेवर थेट टेकवून मारलं तर ती उडी मारते आणि ग्रुप वर जातो. तळहातावर अलगद ठेवून, खांद्याला हलकी लावून मारलं तर तोच ग्रुप वेगळ्या जागी येतो.

म्हणजे दहा मीटरवर उभं राहून मारलं आणि वीसवर पोत्यावर टेकवून, तर अंतराची तुलना झालीच नाही. सगळ्या अंतरांवर एकच धरणं. डावा हात दर वेळी त्याच जागी. मी दस्त्याच्या खालच्या बाजूला पेन्सिलने खूण करायला सांगतो. मूठ आवळायची नाही. ही गोष्ट लोकांना पटायला वेळ लागतो, कारण नेम धरायचा तर घट्ट धरायला हवं असंच सगळ्यांना वाटतं.

पाचवी: स्क्रू

पाना लागतो तो इथे. दस्त्याच्या पुढच्या टोकाला दोन्ही बाजूंचे दोन स्क्रू आणि ट्रिगर गार्डचे एक-दोन. स्प्रिंगच्या धक्क्याने हे सगळे हळूहळू ढिले होतात, आणि दर शे-दोनशे पेलेटनंतर बघायला हवेत. बरोबर मापाचा पाना घ्या. किंचित लहान पान्याने स्क्रूचं डोकं घासलं की पुढे प्रत्येक वेळी त्रास. लाकडी दस्ता असेल तर हाताला अडेपर्यंत आवळून थोडंसं आणखी, त्यापुढे नाही, नाहीतर लाकूड दबतं.

मग स्कोपचे माउंट. रायफलला माउंट पकडणारे स्क्रू आणि स्कोपला रिंग पकडणारे स्क्रू, दोन्ही. आवळल्यावर माउंटच्या मागच्या कडेला रेलवर (रायफलच्या ज्या खाचेत माउंट बसतो तिच्यावर) नखरंगाचा एक ठिपका लावून ठेवा. पन्नास पेलेटनंतर ठिपका तुटलेला किंवा माउंट मागे सरकलेला दिसला तर तुमच्या "दोन ग्रुप"चं उत्तर मिळालं. स्प्रिंग रायफलवर स्कोप मागे सरकणं नेहमीचं आहे. त्यासाठी माउंटला एक थांबवणारी खीळ असते. तुमच्या रायफलवर तिच्यासाठी भोक असेल तर ती जरूर वापरा.

उघडी साइट असेल तर मागची पट्टी बोटाने डावी-उजवी हलवून बघा. हलत असेल तर बाकी काहीही तपासण्यात अर्थ नाही.

सहावी: शिडी

इथवर आलात आणि ग्रुप घट्ट असेल, तरच पुढे वाचा. ही सगळ्यात महत्त्वाची चाचणी, आणि हिला लागतात पाच कागद.

10 मीटरवर झिरो करा. आता साइटला अजिबात हात लावायचा नाही. 5, 10, 15, 20, 25 वर एकेक कागद, प्रत्येकावर मधला ठिपका. प्रत्येक ठिकाणी नेम बरोबर ठिपक्यावर. वर धरायचं नाही, खाली धरायचं नाही. पाच-पाच पेलेट. मग फूटपट्टीने ग्रुपचा मध्य ठिपक्यापासून किती वर-खाली, किती डावी-उजवीकडे आला ते कागदावरच लिहा.

आता कारण. पेलेट सुटल्या क्षणापासून पडू लागतो. वेग सेकंदाला 200 मीटर धरला तर 10 मीटर जायला सेकंदाचा विसावा भाग लागतो, आणि तेवढ्यात तो 12 मिलिमीटर पडतो. 20 मीटरला वेळ दुप्पट, पडणं चौपट: 49 मिलिमीटर. हवेने मंदावल्यामुळे प्रत्यक्षात थोडं जास्तच, 53 च्या आसपास.

दुसरी गोष्ट, तुमचा डोळा नळीच्या वर आहे. स्कोपचा मध्य नळीच्या मध्यापासून साधारण 40 मिलिमीटर वर असतो, उघडी साइट 20 च्या आसपास. डोळ्याची रेघ आणि नळीची रेघ समांतर नसतात. नळी किंचित वर रोखलेली असते, म्हणून पेलेट खालून येऊन डोळ्याच्या रेघेला छेदतो, थोडा वर जातो आणि मग पुन्हा खाली येतो. "पेलेट आधी वर उडतो" असं म्हणतात ते यामुळे. तो स्वतः होऊन कधीच वर जात नाही.

अर्ध्या ग्रॅमचा गोल डोक्याचा पेलेट, वेग 200, झिरो 10 मीटरवर, असा मी केलेला हिशेब बघा. तुमचे आकडे वेगळे येतील, पण चाल हीच असेल.

स्कोप, 40 मिलिमीटर उंच:
5 मीटर: 17 मिलिमीटर खाली
15 मीटर: 10 वर
20 मीटर: 13 वर
25 मीटर: 8 वर
30 मीटर: 6 खाली

उघडी साइट, 20 मिलिमीटर उंच:
5 मीटर: 7 खाली
15 मीटर: ठिपक्यावर
20 मीटर: 7 खाली
25 मीटर: 22 खाली
30 मीटर: 46 खाली

एकच रायफल, एकच पेलेट, एकच झिरो. स्कोप लावला तर 20 मीटरवर वर लागते, उघड्या साइटने खाली. म्हणून "माझ्या मित्राची वर लागते, माझी खाली, म्हणजे माझी बिघडलीय" हे धरून चालू नका. आणि स्कोपवाल्यांनी 5 मीटरचा आकडा नीट बघावा. अंगणात अगदी जवळ ठेवलेला डबा चुकतो तो यामुळेच. जवळ असलं की सोपं, ही समजूत इथे लागू पडत नाही.

एकदा एक वडील आणि त्यांची बारावीतली मुलगी आली होती. जिथून रायफल घेतली त्या दुकानदाराने नळी बदलायला सांगितली होती, आणि खर्च रायफलच्या निम्म्या किमतीएवढा. मुलीने सहा कागद आणले होते, प्रत्येकावर अंतर लिहिलेलं. डावी-उजवी ओळ काटेकोर सरळ, फक्त उंची बदलत होती, आणि ती या वरच्या यादीसारखीच. मी रायफल हातात न घेता सांगितलं, हिला काही झालेलं नाही. त्या मुलीने चाचणी माझ्यापेक्षा नीट केली होती.

मग करायचं काय? झिरो कुठल्या अंतरावर ठेवायचा ते बदला. वरच्याच स्कोपवाल्या रायफलचा झिरो 25 मीटरवर केला तर 10 वर 3 मिलिमीटर खाली, 15 वर 5 वर, 20 वर 6 वर. म्हणजे 10 ते 25 पर्यंत कुठेही ठिपक्यावर नेम धरा, फरक साडेसहा मिलिमीटरच्या आत. डब्याच्या झाकणावर मारणार्‍याला याहून जास्त काही लागत नाही. उघड्या साइटला 15 चा झिरो ठेवा, 10 पण त्यातच येतं. 20 च्या पुढे नेम किती वर धरायचा ते लिहून एक चिकटपट्टी दस्त्याच्या डाव्या बाजूला लावा. पाठ करू नका, लिहा.

उताराचंही एक लक्षात ठेवा. कोकणात, घाटमाथ्यावर टार्गेट खाली किंवा वर असतं. दोन्ही वेळा पेलेट सपाटीच्या मानाने वरच लागतो. 25 मीटरवर 30 अंशांच्या चढ-उताराला हा फरक साधारण 11 मिलिमीटर. खालच्या वाफ्यात मारताना खाली लागेल असं वाटतं, होतं उलट.

सातवी: डावी-उजवी चूक असेल तर ओळंबा

शिडीच्या कागदांवर भोकं आडवी सरकत असतील, तर टार्गेटच्या मागे गवंड्याचा ओळंबा टांगा. स्कोपची उभी रेघ त्या दोरीला जुळवा. आता रायफल दुसर्‍या कुणाला मागून बघायला सांगा: सरळ उभी आहे की एका बाजूला कललीय? बर्‍याच लोकांची रायफल खांद्यावर चार-पाच अंश आत कलते आणि त्यांना कळतही नाही.

पाच अंशांच्या कलण्याने 10 मीटरवर जेमतेम एक मिलिमीटर फरक पडतो, तो ग्रुपमध्ये लपून जातो. 25 वर तोच 8 मिलिमीटर. रायफल उजवीकडे कलली तर पेलेट उजवीकडे आणि थोडा खाली. "जवळ बरोबर, लांब उजवीकडे" या तक्रारीचं हे सगळ्यात सामान्य कारण. उपाय: रायफल सरळ धरून, रिंगचे स्क्रू थोडे सैल करून, स्कोप फिरवून उभी रेघ ओळंब्याला लावा आणि स्क्रू आडवे-तिडवे क्रमाने थोडे थोडे आवळा.

जवळ डावीकडे आणि लांब उजवीकडे, किंवा उलट, असं होत असेल तर स्कोप नळीच्या बरोबर वर नाही, बाजूला बसलाय. दोन मिलिमीटर बाजूला असेल तर 10 च्या झिरोनंतर 20 वर दोन मिलिमीटर पलीकडे, 30 वर चार. माउंट काढून, रेल पुसून, परत बसवा. कधी कधी वाळूचा एक कणही पुरतो.

आठवी: स्कोप स्वतः

रायफल पोत्यांवर पक्की ठेवा, हात लावू नका, फक्त डोकं किंचित वर-खाली, डावी-उजवीकडे हलवा. ठिपक्यावरची रेघ सरकते का? दहा मीटरवर सरकत असेल आणि लांब झाडाकडे बघताना नसेल, तर तो स्कोप लांबच्या अंतरासाठी जुळवलेला आहे. काडतुसाच्या रायफलींचे पुष्कळ स्कोप 100 यार्डांसाठी जुळवलेले असतात. जवळ डोळा थोडा हलला की नेमही हलतो. पुढच्या भिंगाशी किंवा बाजूला अंतराची कडी असेल तर ती फिरवून बघा. नसेल तर गाल दर वेळी दस्त्यावर त्याच जागी टेकवणं हाच उपाय.

मग चौकोनाची चाचणी. 10 मीटरवर एक पेलेट. 20 क्लिक वर, एक पेलेट. 20 उजवीकडे, 20 खाली, 20 डावीकडे, प्रत्येकी एक. पाचवा पेलेट पहिल्याच्या भोकाजवळ यायला हवा. नाही आला तर स्कोपचे क्लिक खोटे आहेत आणि अंतरानुसार क्लिक फिरवणं तुमच्यासाठी नाही. झिरो एकच ठेवा, नेम वर-खाली धरा. साध्या बिनधक्क्याच्या रायफलसाठी बनवलेला स्कोप स्प्रिंग रायफलच्या पुढे-मागे अशा दुहेरी धक्क्याने आतून सुटतो. स्कोप हलवल्यावर खुळखुळ ऐकू आली तर बदला.

क्लिकचा हिशेबही इथेच. पाव मिनिटाच्या (इथे मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) स्कोपचा एक क्लिक 10 मीटरवर 0.7 मिलिमीटर, 25 वर 1.8. म्हणजे एक सेंटिमीटर सरकवायला 10 वर चौदा क्लिक लागतात, 25 वर पाच-सहा. दहावरचे क्लिक पंचवीसला लावले की दुसर्‍या टोकाला जातं. आणि कुठली बाजू ते गृहीत धरू नका. बाणाखाली "वर" लिहिलं असेल तर बहुतेक स्कोपमध्ये ग्रुप वर जातो, पण काही जर्मन मॅच साइटवर अक्षर लिहिलेलं असतं ते पेलेट कुठे लागला त्याचं. दहा क्लिक फिरवा, तीन पेलेट मारा, कागदावरून ठरवा. उघड्या साइटचा नियम सोपा: मागची पट्टी ग्रुप जिकडे न्यायचाय तिकडे.

नववी: नळी, सांध्याचं सील, वेग

नळीत कापसाचा बोळा दोर्‍याने ओढून साफ करा. लोखंडी सळई घालू नका, आतल्या खाचा आणि तोंडाची कड ओरखडते, आणि पेलेट शेवटी त्या कडेवरूनच सुटतो. साफ केल्यावर पहिले दहा-पंधरा पेलेट इकडेतिकडे गेले तर घाबरू नका.

नळी जिथे मोडते त्या सांध्यावर एक रबरी कडी असते. बंद सांध्यावर टिश्यू पेपरची पातळ पट्टी ठेवून मारा. पट्टी जोरात उडाली तर हवा गळतेय. हवा गळाली की वेग कमी, दर पेलेटला वेगळा, आणि लांबच्या अंतरावर ग्रुप उभा लांबट होतो. कडी स्वस्तात मिळते आणि टाचणीने निघते. ही दुरुस्ती घरी करण्यासारखी आहे. फक्त नळी उघडी असताना एक हात सतत नळीवर पक्का हवा, आणि कडी काढताना रायफलला स्प्रिंगचा ताण चढवलेला नसावा.

क्लबात वेग मोजायचं यंत्र असेल तर दहा पेलेट मोजून घ्या. वेग जागेवर आणि ग्रुप उंचीला लांबट, तर धरणं बघा. वेगच पसरलेला, तर सील किंवा वॉशर.

इथे थांबा

रायफल उघडून स्प्रिंग काढायला जाऊ नका. ती बंद रायफलमध्येही दाबलेली असते, मागचं टोक सुटलं की तोंडावर येते. हे काम स्प्रिंग दाबायचं साधन असलेल्या कारागिराचं.

नळी गुडघ्यावर दाबून "सरळ" करणारे जुने लोक अजून आहेत. करू नका, करू देऊ नका. नळी वाकलीय असा संशय आला तर मापून बघणार्‍याकडे द्या.

हवेच्या सिलिंडरची रायफल असेल तर गळती, रेग्युलेटर, झडप यांना घरी हात नाही. त्यात 200 बारचा दाब असतो. सिलिंडरवर वैधतेची तारीख छापलेली असते, ती संपली की तो सिलिंडर वापरातून काढा.

ट्रिगर हलका करण्यासाठी आतला दात घासू नका. सेफ्टी लावूनही किंवा नुसत्या धक्क्याने सुटणारी रायफल आढळली तर त्याच क्षणी बाजूला ठेवा, चाचणीही करू नका. आणि "वेग वाढवून" देतो म्हणणार्‍याकडे जाऊ नका. आपल्याकडे बिनपरवाना चालते ती 4.5 मिलिमीटरची आणि 20 ज्यूलपर्यंतची रायफल. त्यापुढे 2016 च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागतो.

कारागिराकडे जाताना नुसती रायफल नेऊ नका. शिडीचे पाचही कागद न्या, प्रत्येकावर मोजलेलं अंतर, पेलेटचं नाव आणि व्यास, टेकवून मारलं की हातात धरून, आणि साइटची उंची नळीच्या मध्यापासून किती ते लिहून. तेवढं असेल तर जाणकार माणूस रायफल खोलायची की नाही ते कागद बघूनच सांगू शकेल.